कपिंगचे डाग आणि त्यातलं ‘विष’

पाठीवर काळेनिळे गोल उमटलेला फोटो आणि खाली मजकूर: ‘चिनी कपिंगने त्वचेखालचं विष बाहेर येतं. डाग जितका काळा, तितकं विष जास्त. सोरायसिस, एक्झिमा, मुरमं औषधांशिवाय बरी. हजारो वर्षांचा उपचार, दुष्परिणाम शून्य.’ हा मेसेज सध्या जोरात फिरतोय.

आधी विषाचं बघू. काचेच्या कपात क्षणभर जाळ धरतात आणि कप पाठीवर पालथा घालतात. आतली हवा थंड झाली की दाब उतरतो, कातडी वर ओढली जाते, केशवाहिन्या फुटतात आणि रक्त त्वचेखालीच पसरतं. बाहेर काहीच येत नाही. रंग गडद होतो तो ओढ जास्त झाली किंवा कप जास्त वेळ राहिला म्हणून. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकी जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर असेच डाग होते. पोहणाऱ्यांत त्याच्याइतकं विष कुणात साठलं असेल, नाही का!

खरा घातक दावा ‘दुष्परिणाम शून्य’ हा. सोरायसिस म्हणजे खवलेदार चट्ट्यांचा त्वचारोग. त्याच्या रुग्णाच्या चांगल्या कातडीला इजा झाली, तर काही दिवसांनी तिथेच नवा चट्टा उठू शकतो. जर्मन डॉक्टर हाइनरिश कोब्नर यांनी हे एकोणिसाव्या शतकातच नोंदवलं. त्वचारोगतज्ज्ञ आजही त्याला कोब्नरचंच नाव देतात. कप ठेवला त्याच गोलात सोरायसिस उगवल्याच्या नोंदी आहेत. एक्झिमात कातडी आधीच फाटकी, तिच्यावर जंतूंची वस्ती. कपिंगच्या एका प्रकारात कातडीला चिरा देऊन रक्तही काढतात. अशा कातडीवर ते करायचं म्हणजे संसर्गाला दार उघडं. जाळाने भाजतं ते वेगळंच.

हजारो वर्षांचं म्हणाल, तर चौथ्या शतकातले चिनी वैद्य गे होंग यांनी शिंगाची तुंबडी, म्हणजे कपिंगचंच जुनं रूप, सांगितली ती गळवातला पू ओढायला. त्यांच्याच ग्रंथातून चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना मलेरियाच्या औषधाचा धागा मिळाला. पण २०१५चं नोबेल जुन्या पोथीला मिळालं नाही. अर्क काढून, आधी प्राण्यांवर आणि मग माणसांवर तपासून सिद्ध केलेल्या औषधाला मिळालं.

कपिंगच्या १३५ चाचण्यांचा आढावा २०१२मध्ये निघाला. मुरमं आणि नागिणीत फायद्याची शक्यता दिसली, पण बहुतेक वेळा सोबत दुसरे उपचारही होते आणि बहुतेक चाचण्या सदोष होत्या.

उरलं ‘औषधांशिवाय’. सोरायसिस आपोआपही कमी-जास्त होतो, त्यामुळे श्रेय कपाला जातं. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील आणि या मेसेजपायी अचानक बंद केल्या, तर अंगभर पूयुक्त फोड उठून रुग्णालयात भरती व्हायची वेळ येऊ शकते.