घरी न जाता घरभेटीची परीक्षा कशी घ्यावी

वॉर्डात वर्षानुवर्षं काम केलेल्या परिचारिकांना लहान बाळांच्या कुटुंबांना घरी जाऊन भेटणाऱ्या हेल्थ व्हिजिटर म्हणून तयार करायचं आणि शेवटी त्यांना पास-नापास ठरवायचं, ही जबाबदारी तुमच्या गळ्यात पडली आहे का? घाबरू नका. या कामातला अवघड भाग सगळा लोकांच्या घरात असतो, आणि तिथे तुम्ही जायलाच हवं असं थोडंच आहे?

सगळ्यात आधी, प्रशिक्षणार्थीच्या वॉर्डातल्या सवयी सुटू देऊ नका. वॉर्डात खाट आपली, वेळ आपली, नियम आपले. घरात यातलं काहीच आपलं नसतं. दार उघडायचं की नाही हेसुद्धा समोरची बाई ठरवते. हे एकदा तिच्या डोक्यात शिरलं की ती आधी बसेल, ऐकून घेईल, बाळाला हात लावण्यापूर्वी विचारेल, आणि तुमच्या वेळापत्रकाचे तीनतेरा वाजतील. त्यापेक्षा हातात छापील यादी द्या: वीस मुद्दे, वीस मिनिटं. आईने मध्येच काही विचारलं तर "त्याबद्दल शेवटी बोलू" हे वाक्य घोटून घ्या. शेवट यायच्या आत बाळ रडायला लागतंच.

वजनाचं प्रात्यक्षिक बाहुलीवर उरका. बाहुली लाथा झाडत नाही, काट्यावर शू करत नाही आणि दर वेळी तेवढीच भरते, त्यामुळे गुण द्यायला सोपी. खरं बाळ पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढतं, आणि भिजलेला डायपर एकटाच शंभर ग्रॅमच्या पुढे जाऊ शकतो. म्हणजे डायपरसकट वजन केलं की तीन-चार दिवसांची वाढ आयती पदरात! बाळाला पूर्ण उघडं करा, काटा गादीवर किंवा गालिच्यावर नको तर टणक सपाट जमिनीवर ठेवा, आधी शून्य येऊ द्या, दर भेटीला शक्यतो तोच काटा वापरा, ही किरकिर बिचारीच्या मागे कशाला लावायची?

वाढीच्या आलेखाचंही तेच. ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाचं वय दुरुस्त करून मांडावं लागतं. ३२व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ आज १२ आठवड्यांचं असेल, तर आलेखावर ते ४ आठवड्यांचं धरायचं, आणि ही वजाबाकी दोन वर्षांचं होईपर्यंत चालू ठेवायची. वजाबाकी शिकवली नाही तरी बिघडत काहीच नाही. फक्त लवकर जन्मलेलं आणि उत्तम वाढणारं प्रत्येक बाळ कागदावर खंगलेलं दिसेल, प्रशिक्षणार्थी गंभीर चेहऱ्याने वरचं दूध सुचवेल, आणि आईचं अंगावरचं दूध आटलं की पुढच्या भेटीला बोलायला विषय तयार. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं आणि बहुतेक बाळं साधारण दोन आठवड्यांत ते भरून काढतात, हेही गुलदस्त्यात ठेवा. तसंच लांबीचं. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून मोजतात, त्यापुढे उंची उभं करून. एकाच मुलाच्या या दोन मापांत सरासरी ०.७ सेंटीमीटरचा फरक पडतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या वाढमानकांत तो हिशेबात धरलेला आहे. तुम्ही तो गाळलात की दुसऱ्या वाढदिवशी मूल आपोआप आक्रसतं.

आता आईच्या मनाकडे वळू. बाळंतपणानंतरचं नैराश्य हेरायला १९८७ पासून एडिनबर्ग प्रश्नावली आहे. दहा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०, आणि विचारायचं ते फक्त गेल्या सात दिवसांबद्दल. ती आईने स्वतः, कुणाशी सल्लामसलत न करता भरायची असते. पण यात वेळ जातो. तुमच्या प्रशिक्षणार्थीला प्रश्न मोठ्याने वाचायला लावा, तेही नवरा शेजारी आणि घरातली वडीलधारी बाई दारात उभी असताना. "उगाचच रडू येतं का?" असं विचारलं की उत्तर दारातून येतं: "छे, तिला कशाला रडू येईल!" बेरीज शून्य, भेट यशस्वी.

दहाव्या प्रश्नाबद्दल वर्गात अवाक्षर काढू नका. तो स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं, एकूण बेरीज चार असली तरी, तर भेट तिथेच थांबवून नीट विचारावं लागतं, तिला एकटं न सोडता त्याच दिवशी पुढची मदत उभी करावी लागते. बेरजेकडे बघायला शिकवलंत की एवढा व्याप वाचतो. अर्थात आईला एकटं गाठणं ही कला आहेच. वजन करायच्या निमित्ताने बाळाला आणि आईला दुसऱ्या खोलीत न्यायचं, दार लोटायचं, मग विचारायचं. घरातल्या मारहाणीबद्दलही एवढ्याच बंदोबस्तात विचारायचं असतं, कारण मारणाऱ्यासमोर विचारलेल्या प्रश्नाची किंमत ती आई नंतर मोजते. पण लेखी परीक्षेत हे कुठल्या रकान्यात बसवणार? सोडून द्या.

पाजताना प्रत्यक्ष बघायची गरज नाही. "नीट पितोय ना?" "हो." झालं. तोंड मोठं उघडलंय का, हनुवटी स्तनाला टेकली आहे का, खालचा ओठ बाहेर वळलाय का, गिळल्याचा आवाज येतो का, हे बघत बसलं तर एकाच घरात दिवस जायचा. बाळ झोपतं कुठे, हेही विचारावं, बघू नये. "उताणंच झोपवतो" असं सगळेच सांगतात. पाळण्यात डोकावलं की उशी, दुलई आणि तीन मऊ खेळणी दिसतात, आणि मग बोलावं लागतं.

परीक्षेसाठी ओस्की उत्तम. रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली स्कॉटलंडमधल्या डंडीत मांडलेली, टेबलाटेबलावरून फिरत द्यायची परीक्षा. "मी आता हात धुते" असं म्हटलं की हात धुतल्याचा गुण. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय कौशल्य जोखण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवते आणि प्रत्यक्ष कामात करते. आपण तिसऱ्या पायरीवर प्रमाणपत्र द्यावं. चौथी कुणाच्या तरी घरात आहे.

लॉगबुकावर सह्या शेवटच्या आठवड्यात एकदम करा, पण दोन वेगवेगळी पेनं जवळ असू द्या. एकाच शाईत सहा महिन्यांच्या तारखा बऱ्या दिसत नाहीत. अभिप्रायात "प्रगती समाधानकारक, आत्मविश्वास वाढवावा" लिहा. हे कुणालाही चालतं. "तीनपैकी दोन भेटींत आईचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही" असं चुकूनही लिहू नका, नाहीतर ती सुधारेल आणि तुम्हाला पुन्हा जाऊन बघावं लागेल.

नापास करण्याचा प्रसंग आलाच तर परंपरा तुमच्या बाजूने आहे. कॅथलीन डफी यांनी २००३ मध्ये परिचारिकांच्या प्रशिक्षणाचा अभ्यास केला. शंका असूनही मार्गदर्शक विद्यार्थ्यांना पुढे ढकलतात, हे त्यात उघड झालं. रीत सोपी आहे. सुरुवातीला "अजून लवकर आहे", मध्यावर "स्वभावाने फार गोड आहे", आणि शेवटी "आता काय, वर्ष वाया जाईल तिचं". तीन वाक्यांत अभ्यासक्रम संपतो. मध्यावरच लेखी कळवलं असतं, सुधारणेला मुदत दिली असती, दुसऱ्या परीक्षकाला बोलावलं असतं, तर शेवटचं वाक्य म्हणायची वेळ आली नसती. पण मग कागदपत्रं कोण करणार?

वरिष्ठांनी अगदी अडवलंच आणि एखादी भेट सोबत जाऊन बघावी लागली, तर घर तुम्हीच निवडा: दुसरं बाळ, हसरी आई, कसलीही तक्रार नाही. आदल्या दिवशी फोन करून ठेवा. तिथे मधोमध बसा आणि निम्मं बोलणं स्वतःच करा. मात्र दुसऱ्या परीक्षकाला सोबत घेऊ नका. एकच भेट बघून दोघांचे गुण वेगळे पडले, तर चूक प्रशिक्षणार्थीची की परीक्षकाची, असा प्रश्न कुणीतरी विचारेल.