"दोन लाख नसतील तर म्युझिकच्या नादी लागू नका" म्हणे!

तो मेसेज या आठवड्यात माझ्या तीन ग्रुपवर फिरून आला. शेवटी अकरावीतल्या भाचीनेच पाठवला, "मामा हे खरंय का?" विचारत. मेसेजचं म्हणणं एवढंच की मॅकबुक, कंडेन्सर माइक, भिंतींना फोम, महागडे प्लगइन (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये घालायचे इफेक्ट) आणि पाच वर्षांची थिअरी असल्याशिवाय घरी गाणी बनवायचा विचारही करू नका.

मॅकबुकचं साफ खोटं. रीपर नावाचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर जुन्या विंडोज लॅपटॉपवर पण आरामात चालतं, 60 दिवस फुकट वापरा, नंतर साधं लायसन्स 60 डॉलरला. लॅपटॉपच नसेल तर फोनवर बँडलॅब हे गाणी बनवायचं अ‍ॅप आहे, फुकट. स्टीव्ह लेसी या अमेरिकन संगीतकाराने आयफोनच्या गॅरेजबँड अ‍ॅपवर केलेला ट्रॅक रॅपर केंड्रिक लमारच्या 2017 च्या अल्बमवर गेलाय, अजून काय पाहिजे? हां, गाताना हेडफोनमध्ये आपलाच आवाज उशिरा येतो म्हणून पोरं लॅपटॉपला शिव्या घालतात, पण बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधला बफर (आवाज किती मोठ्या तुकड्यांत हाताळायचा ते) 1024 सॅम्पलवर पडलेला असतो. 44.1 किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगला तेवढ्यानेच 23 मिलिसेकंद जातात. गाताना 128 करा, 3 च्या आसपास येतं, मिक्सिंगला परत वाढवा.

आता माइक, इथे माझे स्वतःचे पैसे गेलेत म्हणून जरा जास्त बोलतो. दुकानदाराने "स्टुडिओत हाच लागतो" करत कंडेन्सर गळ्यात मारला, घरी आलो, उत्साहात अख्खं गाणं रेकॉर्ड केलं आणि ऐकतो तर पंख्याची घरघर, खालच्या मजल्यावरचा कुकर, पाववाल्याचा भोंगा, सगळं स्वच्छ. बायको म्हणाली कुकर तुझ्यापेक्षा सुरात आलाय. कंडेन्सर नाजूक कानाचा असतो, खोली शांत नसेल तर तो गुण डोक्याला ताप होतो, शिवाय बहुतेकांना 48 व्होल्टचा फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) लागतो म्हणजे तो देणारा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) आलाच. आपल्या फ्लॅटमध्ये साधा डायनॅमिक माइक (स्टेजवर हातात असतो तसला) तोंडाजवळ धरून गायलेलं बरं. डायनॅमिक म्हणजे हलका माल नाही हां, मायकल जॅक्सनने 1982 च्या अल्बमवर शूअर कंपनीच्या एसएम7 माइकवर गायलंय, तो डायनॅमिकच. आणि मागे सतत "हूंऽऽ" येत असेल तर माइक बदलायच्या आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. माझं तेवढ्याने गेलं, अर्थिंगचा घोळ होता.

फोमचा तर राग येतो. फोम लावून बाहेरचा आवाज थांबत नाही, आत नुसता वरचा टोकदार घुमारा कमी होतो. 100 हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास साडेतीन मीटर, तिला दोन इंची फोमचं काय पडलंय! कपड्यांचं कपाट उघडं ठेवा, पाठीमागे दोरीवर जाड गोधडी टाका, गाणं रेकॉर्ड करायला तेवढं पुरतं.

प्लगइन सोडा, इक्यू (जाड-बारीक आवाज कमीजास्त करायला), कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करायला), रिव्हर्ब (घुमारा द्यायला) सॉफ्टवेअरसोबतच येतात. क्रॅक, म्हणजे चोरीची कॉपी, डाउनलोड करून व्हायरस घेऊ नका म्हणजे झालं.

थिअरीचं मात्र अर्धं खरंय. पाच वर्षं थांबायची गरज नाही पण कान लागतोच. सॉफ्टवेअर उघडलं की समोर 4/4 म्हणजे चार मात्रांचं माप असतं म्हणून सगळे चारातच बीट करत बसतात, अरे 7/8 करा, सात मात्रांचा रूपक टाका, तीन-दोन-दोन, घरात कुणी भजनाला जाणारं असेल तर त्यांना टाळी द्यायला बसवा, कुठे चुकलं ते लगेच सांगतील.

भाचीने काल रात्री वऱ्हांड्यात फोनवर गायलेलं पाठवलं. चाल झकास आहे पण लेव्हल सगळी लाल, आवाज फाटलाय, ते नंतर कुठल्याच प्लगइनने पूर्ण नीट होत नाही. तिला लिहिलं, माइकपासून वीतभर मागे सरक, सगळ्यात मोठा सूर लेव्हलच्या मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू दे, पंखा बंद कर आणि परत गा. "मामा, उकडतंय" असा रिप्लाय आलाय.