आतल्या दाराची कडी आणि तो फिरणारा मेसेज

पोळ्याच्या आधीपासून आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीकडच्या गावागावांत एक मेसेज फिरतोय: ‘सुतार बोलावू नका, आतल्या दारांच्या कड्या स्वतःच बसवा.’ स्वतः बसवायला माझी काहीच हरकत नाही, कोणी आलं तर हातात गिरमिट देऊन शिकवीन. पण त्यात दिलेल्या चार युक्त्या मी सुतार म्हणून मान्य करू शकत नाही.

पहिली, ‘स्क्रू हातोडीनं ठोका, शेवटी दोन फेरे पिळा.’ ठोकलेला स्क्रू म्हणजे खिळाच. आटे लाकूड फाडत आत जातात, मग धरणार कशाला? कडी रोज ओढली जाते, दिवाळीपर्यंत ती हातात येते. आधी आटे सोडून स्क्रूच्या नुसत्या दांड्याएवढं बारीक भोक पाडा, आट्यांना मेणबत्ती घासा आणि पेचकसानं पिळा. जुनं भोक सैल झालं असेल तर बांबूची काडी फेव्हिकॉलमध्ये बुडवून ठोका, रात्रभर वाळू द्या.

दुसरी, ‘पावसात दार अडकलं की रंधा मारा.’ हिचा मला खरा राग येतो, कारण छिललेलं लाकूड परत येत नाही. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. सागवान कमी फुगतं, आंबा जास्त. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, हवा कोरडी ठक्क. जुलै-ऑगस्टात तीच हवा ओलीचिंब. पावसाळ्यात छिललेलं दार उन्हाळ्यात इतकं आटतं, की कडीचं टोक चौकटीच्या भोकापर्यंत पोचतच नाही. ज्या घरी असं झालंय तिथं दाराची खालची कड बोटानं चाचपून बघा. बहुतेक वेळा तिला रंगाचा हातच लागलेला नसतो, ओल तिथूनच चढते. उघाड पडली, दार वाळलं, की दार उतरवून वरची-खालची कड रंगवा. एवढं करूनही पुढच्या पावसात अडकलंच, तर रंध्याचा एखादा हलका हात पुरतो.

तिसरी, ‘कडी बसत नसेल तर चौकटीतलं भोक कानशीनं वाढवा.’ आधी वरची बिजागरी बघा. तिचे स्क्रू ढिले पडले की दार मुठीच्या बाजूनं खाली लोंबतं आणि कडी भोकाच्या खाली जाते. बिजागरी आवळली की बहुतेक वेळा काम होतं. नवीन कडी असेल तर टोकाला काजळ लावा, दार मिटून टोक चौकटीला टेकवा. ठसा उमटेल तिथंच भोक.

चौथी, ‘न्हाणीची आतली कडी उंच लावा, पोरं कोंडून घेणार नाहीत.’ काळजी खरी आहे, पण त्यासाठी उंच कडी बाहेरून लावा, म्हणजे पोरं एकटी आत जाणारच नाहीत. शेजारच्या गावात एक आजी न्हाणीत घसरून पडल्या. कडी डोक्याच्याही वर, दार आत उघडणारं आणि आजी दाराला टेकूनच पडलेल्या. दार तोडलं असतं तर त्यांच्याच अंगावर गेलं असतं. शेवटी छताचा पत्रा काढून मी आत उतरलो. तेव्हापासून न्हाणीचं दार मी बाहेर उघडणारंच बसवतो. आतली कडी कमरेच्या उंचीवर, आणि घरधन्याला परवडत असेल तर बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता येणारी.