बटाट्याच्या भरवशावर

लिस्बनला बिऱ्हाड हलवायचं ठरलं तेव्हा मला थंडीची काळजी वाटली, इडलीचं पीठ फुगेल का याची वाटली. भाषेची अजिबात नाही. बटाटा, पाव, साबण, बादली, चावी, कोबी, अननस! १५१० ते १९६१, म्हणजे तब्बल ४५१ वर्षं पोर्तुगीज गोव्यात राहून गेलेले. त्यांची निम्मी भाषा आमच्या डोंबिवलीच्या ओट्यावरच पडलेली होती. उरलेली निम्मी सहा महिन्यांत उरकते, असं मी नवऱ्याला ठणकावून सांगितलं. त्याचं ऑफिसात इंग्रजीवर भागणार होतं. मैत्रिणी जोडायच्या होत्या त्या मला.

दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरच्या बेकरीत गेले आणि घरच्या हक्काने दोन पाव मागितले. काउंटरला टेकून कॉफी पिणाऱ्या दोन आजोबांना एकदम ठसका लागला. पाव हा शब्द तिथे नाकातून म्हणायचा असतो. नाक विसरलात की त्याचा 'पाउ' होतो. पाउ म्हणजे काठी. आणि बोलीभाषेत काठीचा जो दुसरा अर्थ आहे, तो मला भाषेच्या वर्गातल्या एका नेपाळी मुलाने स्वतःच्या बुटांकडे बघत समजावला. तेव्हापासून मी बोट दाखवून पाव आणते.

त्या रात्री अंथरुणात पडल्यापडल्या शब्दांची यादी पुन्हा तपासली. पगार, लिलाव, तुरुंग, पिंप, बिजागरी. माणसं शोधायला गेले तर सापडले पाद्री, मेस्त्री आणि आया. म्हणजे एवढ्या भांडवलावर मला लिस्बनमध्ये दुकान टाकता आलं असतं, त्याच्या दाराला बिजागरी बसवून घेता आली असती, अगदीच वेळ आली तर तुरुंगातही जाता आलं असतं. पण मैत्रीण जोडावी असा एक शब्द त्यांनी ४५१ वर्षांत मागे ठेवला नव्हता.

समोरच्या दारात एक आजी एकट्या राहतात. जिन्यात भेटल्या की मी घोकलेलं 'कशा आहात' विचारायची आणि त्या सुस्कारा टाकून म्हणायच्या, "वाय-स अंदांदु." म्हणजे, चाललंय आपलं. शब्द परके, पण सुस्कारा थेट डोंबिवलीच्या पाच नंबर फलाटावरचा. मला भरून आलं. हीच आपली मैत्रीण, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

ठरवणं सोपं होतं. फोन केला की पलीकडून त्या 'हॅलो' म्हणत नाहीत. इथली माणसं 'श्तो?' म्हणतात, शब्दशः अर्थ, 'मी आहे?' (लिहिताना आधी एक स्वर असतो, बोलताना तो गिळतात. स्वर गिळण्यात हे लोक पटाईत आहेत.) आता सत्तरी ओलांडलेल्या बाईने सकाळी सकाळी गंभीर आवाजात 'मी आहे?' असं विचारलं, तर पहिल्या पातळीच्या विद्यार्थिनीने काय सांगावं? मी आपली धीर द्यायची, "हो हो, आहात."

त्याहून मोठी पंचाईत संबोधनाची. जवळच्या माणसाला तू म्हणायचं. 'व्होसे', म्हणजे जवळपास आपलं 'तुम्ही', म्हणावं तर ते कोणाला कधी उद्धट वाटेल नेम नाही. मग सभ्य माणसं काय करतात, तर समोरच्याचं नाव घेऊन त्याच्याशीच तृतीयपुरुषी बोलतात. आजी मला विचारायच्या ते मराठीत आणलं तर असं: सूनबाईंना कॉफी चालेल का? सूनबाईंना आज उशीर झालेला दिसतोय! हुबेहूब माझ्या सासूबाईंचा, भिंतीकडे बघून बोलायचा सूर. पहिले दोन महिने मी घरी येऊन आपलं काय चुकलं ते शोधत असे.

आणि तू कधी म्हणायचं? वर्गात शिकवलं होतं, मोठ्या माणसाने आधी परवानगी द्यायची असते. मी परवानगीची वाट बघत, क्रियापदं टाळत, नुसती नामं फेकत राहिले. कॉफी? छान! पाऊस? वाईट!

अखेर त्यांनी घरी बोलावलं. 'कींता-फैरा'ला, चार वाजता. कींता म्हणजे पाचवा. मी बोटं मोजली, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र. शुक्रवारी इस्त्रीची साडी नेसून, शंकरपाळ्यांचा डबा घेऊन बरोबर चारला बेल वाजवली. दारात आजी, डोक्याला कलप लावलेला, खांद्यावर जुना टॉवेल. इथले वार रविवारपासून मोजतात. त्यामुळे सोमवार दुसरा आणि पाचवा गुरुवार. आदल्या दिवशी त्या केक करून संध्याकाळपर्यंत बसल्या होत्या.

मला माफी मागण्यापुरतंही व्याकरण सुचेना. मी डबाच पुढे केला. त्यांनी एक शंकरपाळी तोंडात टाकली आणि ओरडल्या, "कुश्कुरोइंश!" तळलेला, साखर-दालचिनी भुरभुरवलेला हा त्यांचा सणाचा पदार्थ. कुठल्या सणाचा, ते त्या हातवाऱ्यांनी सांगू लागल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नाताळ?"

"नाताल!"

पहिल्या फटक्यात कळलेला माझा पहिला शब्द. मग कलप वाळेपर्यंत आम्ही तेल किती तापवायचं यावर भांडलो.

१२ जूनला, संत आंतोनियोच्या सणाच्या आदल्या रात्री, गल्लोगल्ली सार्डिन मासे भाजत होते. आजींनी मला एक कुंडी आणून दिली. दाट, गोल, टीचभर रोप, त्यात कागदी फूल आणि चार ओळींची कविता. नाव 'मांझरीकु', वास सब्जा-तुळशीचा. तुळस दिसताच मी सवयीने नाक खाली नेलं, तोच माझ्या दंडावर फटका बसला.

"तू!" आजी किंचाळल्या. नाक लावलं की हे रोप कोमेजतं म्हणतात. तळहात फिरवायचा आणि तो हुंगायचा. पुढचं सगळं मला वर्गात बसून शिकावं लागलं असतं. 'तू' तेवढं तसंच्या तसं कळलं. तोच उच्चार, तोच अर्थ. कोणी जहाजातून आणलेलंही नाही.

"अगं, मग तू आधी नाही का सांगायचंस!" मी चक्क मराठीत म्हणाले.

आजी थबकल्या. त्यांना कळण्यासारखा त्यात एकच शब्द होता. भुवई वर गेली, मग हसल्या. म्हणजे, हसली.