नळ गाडला म्हणून प्रश्न गाडला जात नाही

'युगांडा-टांझानियाची तेलवाहिनी जमिनीखालून जाते, वर पुन्हा शेती होते, मग विरोध कशाला?' असा मजकूर सध्या फिरतो आहे. त्यातलं पहिलं वाक्य खरं आहे, दुसरं अर्धवट.

युगांडातलं होइमा ते टांझानियातल्या टांगाजवळचा समुद्रकिनारा, 1,443 किलोमीटर. नळ पुरले जातात, हे बरोबर. पण हे तेल मेणासारखं गोठतं, म्हणून ते सुमारे 50 अंशांवर गरम ठेवावं लागतं. त्यासाठी वीज लागते. आणि वरचा 30 मीटरचा पट्टा कायमचा जातो: तिथे घर बांधायचं नाही, खोल मुळांचं झाड लावायचं नाही. ज्याच्या शेतात कॉफी होती, त्याला 'पुन्हा शेती होते' हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

मोबदला दिला, हेही खरं. मात्र जमिनीची मोजणी झाल्यावर लोकांना नवी केळी-कॉफी लावू नका असं सांगितलं गेलं आणि अनेकांच्या हाती पैसे यायला काही वर्षं गेली. कॉफीचं रोप फळायलाच तीनेक वर्षं लागतात. तेवढे हंगाम हातचे गेले.

उलट बाजूची एक चूकही सुधारतो: ही वाहिनी युगांडातल्या मर्चिसन फॉल्स राष्ट्रीय उद्यानातून जाते, असं काहीजण लिहितात. उद्यानात आहेत त्या तिलेंगा या तेल काढण्याच्या प्रकल्पाच्या काही विहिरी. मुख्य वाहिनी होइमाहून निघते. मात्र तिचा जवळपास तिसरा हिस्सा व्हिक्टोरिया सरोवराच्या पाणलोटातून जातो, आणि त्या पाण्यावर कोट्यवधी माणसं जगतात.