अर्धा किलो द्राक्षं आणि मामांची गोळी

तो मेसेज पंधरा दिवसांत मला पाच जणांकडून आला. चार वेळा न वाचता अंगठ्याने वर ढकलला. पाचव्यांदा तो निफाडहून मामीने पाठवला, म्हणून फोन केला, तर कळलं की मामांची अल्झायमरची गोळी अठरा दिवसांपासून बंद आहे.

ज्यांना तो अजून आला नसेल (असे कोणी उरलेत का?) त्यांच्यासाठी: काळ्या द्राक्षांच्या सालीत आणि बियांत अँटिऑक्सिडंट असतात, ती मेंदूच्या पेशींचा गंज काढतात. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठाने हे सिद्ध केलंय. रोज अनशापोटी अर्धा किलो द्राक्षं बियांसकट मिक्सरमधून काढून प्या, पंचेचाळीस दिवसांत विसरभोळेपणा जातो, गोळ्या लागत नाहीत. औषध कंपन्या ही माहिती दडपतात. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

आधी बियांचंच बघू. थॉमसन, सोनाका, शरद, जम्बो... आमच्याकडच्या खायच्या द्राक्षांत बी शोधून दाखवा. बी भेटेल ती वायनरीवाल्यांच्या बागेत. लिहिणाऱ्याने द्राक्षाचा मळा बांधावरूनही पाहिलेला नाही, आणि त्याचं ऐकून निफाड तालुक्यातली माणसं मिक्सर लावतायत!

आता कॉर्नेल. तिथलं संशोधन खरं आहे, 2004 सालचं. पण ते द्राक्षावर नव्हतं, सफरचंदात सापडणाऱ्या क्वेर्सेटिन नावाच्या द्रव्यावर होतं. आणि ज्यांना मेसेजवाला 'मेंदूच्या पेशी' म्हणतो, त्या पीसी-12 नावाच्या पेशी. उंदराच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत झालेल्या गाठीतून 1976 साली काढलेल्या आणि तेव्हापासून प्रयोगशाळांमधून वाढवत आणलेल्या. त्यांच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं. क्वेर्सेटिन आधी दिलेलं असेल तर पेशी कमी मेल्या. सुरुवात म्हणून असा प्रयोग ठीकच असतो. पण त्यात माणूस नाही, आजार नाही, आठवण तर नाहीच नाही. प्रयोगशाळेतल्या बशीतून थेट माझ्या मामांच्या डोक्यात उडी मारली ती मेसेजवाल्याने.

काळ्या द्राक्षाच्या सालीतलं ज्याचं एवढं कौतुक चालतं ते रेझवेराट्रॉल. त्याची अल्झायमरच्या रुग्णांवर खरीखुरी चाचणी झाली आहे. अमेरिकेत, 119 रुग्ण, 52 आठवडे, निष्कर्ष 2015 साली 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात छापून आले. डोस वाढवत वाढवत शेवटी दिवसाला 2000 मिलिग्रॅमपर्यंत नेला. लाल-काळ्या द्राक्षांच्या एका वाटीत, म्हणजे साधारण 160 ग्रॅममध्ये, रेझवेराट्रॉल असतं फार तर सव्वा मिलिग्रॅम. करा हिशोब. 2000 मिलिग्रॅमला 1600 वाट्या. 256 किलो. रोज. वीस किलोचे तेरा क्रेट, एकट्या मामांसाठी, अनशापोटी! मेसेजमधल्या अर्ध्या किलोत पडतात जेमतेम चार मिलिग्रॅम.

बरं, एवढा डोस देऊन तरी काय हाती लागलं? औषध सहन झालं, पाठीच्या कण्यातल्या पाण्यात ते सापडलं, एका प्रथिनाच्या पातळीत फरक दिसला. स्मरणाच्या चाचण्यांत ठोस फरक नाही. उलट रेझवेराट्रॉल घेणाऱ्यांच्या मेंदूचं आकारमान बिनऔषधवाल्यांपेक्षा जास्त घटलं. ते चांगलं की वाईट, हे संशोधकांनीही ठरवलं नाही, अजून अभ्यास हवा म्हणाले. उपयोग होतो की नाही हे ठरवण्याइतकी ही चाचणी मोठीही नव्हती. म्हणजे ज्यांनी वर्षभर हेच काम केलं ते 'बरं होतं' म्हणायला तयार नाहीत, आणि आमच्या भावकीच्या ग्रुपवर पंचेचाळीस दिवसांची तारीख लागलीय.

इथवर सगळं हसण्यावारी नेलं असतं. 'गोळ्या लागत नाहीत' हे वाक्य मात्र नाही सोडणार.

शनिवारी निफाडला गेले. मामा ओट्यावर बसले होते, हातात फुलपात्र, त्यात जांभळा रस, वर फेस. मला बघून छान हसले आणि मामीला म्हणाले, "पाहुणीला चहा टाक." जानेवारीत याच माणसाने मला नावाने हाक मारून, द्राक्षाचा भाव काय निघाला ते सांगितलं होतं. गोळीचं पाकीट देव्हाऱ्याच्या खणात, कापराच्या डबीखाली. मामी म्हणाली, "अगं, घरचीच द्राक्षं आहेत, विकत थोडीच आणायचीत? आणि त्या गोळीने कुठं काय फरक पडला होता?"

गोळी सुटली म्हणूनच मामा घसरले, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. हा आजार तसाही पुढेच सरकतो. मामांची गोळी, डोनेपेझिल, तो थांबवत नाही, हे मामीचं निम्मं खरं आहे. मेंदूत निरोप नेणारं अ‍ॅसिटाइलकोलीन लवकर मोडू नये एवढंच ती गोळी बघते. पण फरक दिसत नाही म्हणून ती सोडायची नसते. ब्रिटनमध्ये बऱ्याच पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांवर हेच तपासलं होतं, 2012 साली निष्कर्ष आले: गोळी चालू ठेवलेल्यांची आकलनशक्ती बंद केलेल्यांपेक्षा बरी राहिली. आणि मध्ये खंड पडला की जुन्या डोसवर उडी मारता येत नाही. मामांच्या डॉक्टरांनी पुन्हा खालच्या डोसपासून चढायला लावलंय.

शिवाय मामांना मधुमेह आहे. ज्या माणसाने जन्मभर बागेत ब्रिक्स, म्हणजे द्राक्षाच्या रसातली शेकडा साखर, मोजला, त्याच्या घरात हे कुणाला सुचू नये? सोळा-अठरा ब्रिक्सचा माल, अर्धा किलो, म्हणजे ऐंशी ग्रॅमच्या वर साखर. सोळा-सतरा चमचे, तेही उपाशीपोटी, रस करून. त्या दिवशी मशीनवर साखर 312 आली. मेंदूला वाचवायचं असेल तर जे सांभाळा म्हणून डॉक्टर कंठशोष करतात त्यात मधुमेह आहे, रक्तदाब आहे, ऐकू कमी येणं आहे. मामांचं कानाचं मशीन दोन वर्षं कपाटात आहे, त्यावर मात्र कुणी मेसेज पाठवत नाही.

कंपन्या दडपतात? डोनेपेझिलचं पेटंट केव्हाच संपलंय, ढीगभर कंपन्या ती गोळी बनवतात. द्राक्षाच्या बियांची कॅप्सूल विकणाऱ्याही कंपन्याच आहेत.

आता जे मान्य करायचं ते करते, नाहीतर मामी म्हणेल हिला द्राक्षांचाच राग. सिएटल भागातल्या 1836 जपानी-अमेरिकन लोकांच्या, 2006 साली छापून आलेल्या पाहणीत आठवड्यातून तीनदा तरी फळांचा-भाज्यांचा रस पिणाऱ्यांत अल्झायमर बराच कमी आढळला. पण ती माणसं सुरुवातीला धडधाकट होती, आणि रस पिणारे बाकीही बरंच काही नीट करत असतील. झालेला आजार रसाने गेला, असं त्यात कुठेही नाही. फळं खावीत. मामाही खातात, जेवणानंतर दहा-बारा मणी, मोजून, मशीनवरचा आकडा बघून.

ग्रुपवर मी हे सगळं टाकलं. दोन अंगठे आले. तासाभरात सटाण्याच्या मावसभावाकडून तोच मेसेज पुन्हा आला, शब्द न शब्द तोच, फक्त द्राक्षाच्या जागी डाळिंब. त्यात निदान बिया तरी आहेत.