तोतऱ्याशी बोलायची आपल्या गावाची रीत

बाजाराच्या दिवशी कृषी केंद्राच्या काउंटरवर एखादं पोट्टं "प… प…" करत उभं दिसलं, की समजायचं, आपल्या सेवेची वेळ आली.

पहिलं काम म्हणजे त्याचा शब्द आपणच पुरा करायचा. "पऱ्हाटीचं बियाणं? पंप? पाइप? पोटॅश?" मागं रांगेतल्यांनीही हातभार लावायचा. परवा असाच लिलाव झाला. पोराला हवी होती पावती. शब्द डोक्यात तयार होता, फक्त 'प'वर ओठ घट्ट मिटले होते. ते तीन-चार सेकंदांत सुटले असते. पण तुमच्या दर चुकीच्या अंदाजाला त्याला "नाही" म्हणावं लागतं, म्हणजे दर वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेवटी त्यानं 'पावती' गिळली आणि "रसीद" म्हणाला. यावर मालक काय म्हणाला? "मंग इतका वेळ प-प काहून करत होता बे?" हशा. सेवा पूर्ण.

नाव अवश्य विचारा. पावतीला रसीद सापडते, स्वतःच्या नावाला दुसरा शब्द नसतो, म्हणून तिथं हमखास अडतं. अडलं की म्हणा, "नाव भुलला का बे?" हा विनोद त्यानं कधीच ऐकलेला नसतो.

"हळू बोल, दम घे" हे तर दिवसातून दहादा सांगा.

घरच्यांना वेखंड मधात उगाळून चाटवायला सांगा, तोंडात गोट्या धरायला सांगा. दोष जिभेचाच ना! त्याच जिभेनं तो सामुदायिक प्रार्थनेत सगळ्यांसोबत एकही अक्षर न अडखळता म्हणतो, तिकडं लक्ष देऊ नका. बोलण्याची जुळणी मेंदूत होते, ती तिथं अडते आणि हे अडणं बरेचदा घराण्यातून येतं, हेही ऐकू नका. लहानपणी घाबरला, म्हणून तोतरा झाला, असंच सांगत राहा. घाबरणं तुमच्यामुळं मागाहून आलं, हे कोणाला कळणार?

तीन वर्षांचं लेकरू अडखळलं, तर दर शब्दाला टोका. शंभरात पाचेक लेकरं कधी ना कधी अडखळतात आणि बहुतेकांचं आपोआप जातं. तुम्ही मात्र टोकून त्याला बोलायचीच धास्ती लावा. सहा महिने उलटले, घरात आणखी कोणी तोतरं असलं, तरी वाचा-उपचारवाल्याकडं नेऊ नका. अंगारा आहेच.

शाळेत मास्तरांनी धडा वाचायला त्याला वगळावं. फारच दया आली तर उभं करावं आणि वर्गाला हसू द्यावं.

लग्नाच्या बैठकीत बोलू देऊच नका.

पुरे. एसटीची वाट दोन तास पाहता, कापसाच्या चुकाऱ्यासाठी महिनोन्‌महिने थांबता, सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात दिवस काढता, तेव्हा तोंडातून चकार शब्द निघत नाही तुमच्या. आणि या पोरासाठी चार सेकंद निघत नाहीत? लाजा वाटू द्या जरा. मोबाइल खिशात घाला, अंदाज बांधणं बंद करा, हसणाऱ्याला गप्प करा. त्याच्या ओठांकडं टक लावू नका, नेहमीसारखं त्याच्याकडं पाहत उभे राहा. "पावती" त्याची त्याला म्हणू द्या.